पुडीतली गोळी

धान फुलोऱ्यावर आला की मला दरवर्षी सर्दी धरते. बांधांवर गवत वाळायला लागतं, सकाळी दव पडतं आणि माझं नाक वाहायला लागतं. यंदा नेमकी त्याच दिवसांत मी चारचाकी शिकत होते. शाळा भरायच्या आधी तालुक्याला जायचं, ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत बसायचं, रोडच्या कडेनं हळूहळू गिअर बदलत नहराच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. चाळिशी उलटलेल्या बाईनं गाडी शिकावी याची गावाला मजा वाटत होती, मला भीती. त्या दिवशी नाक इतकं गच्च झालं, की पहाटेच गोळी घेतली. तासाभरानं डोळ्यांच्या मागं कापूस भरल्यागत झालं. मी शिकवणाऱ्या दादांना फोन केला, आज येत नाही, सर्दीची गोळी घेतलीय. पलीकडून आधी हसू आलं. मग म्हणाले, "सर्दीची गोळी न् दारू एक आहे का जी मॅडम? या तुमी, हवा लागली का उतरून जाईल."

उतरून जाईल म्हणजे काहीतरी चढलेलं असतं, हे दादांनीही मान्यच केलं होतं की! पण तेव्हा सुचलं नाही. मी गेले नाही, एवढंच. घरी बसून चहा पीत राहिले आणि उगाच खजील होत राहिले. आपण फारच नाजूक वागतोय, शिकायचंच नाही म्हणून बहाणे करतोय, असं स्वतःलाच वाटायला लागलं. पुढं कितीतरी दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना.

त्या गोळीची पुडी स्वयंपाकघरातल्या फळीवर तशीच होती. मेडिकलवाल्या पोरानं ती बांधून दिली तेव्हा मी समोर उभी होते. त्यानं डब्यातून स्ट्रिप काढली, कात्रीनं चार गोळ्यांचा तुकडा कचकन कापला, कागदी पुडीत टाकला आणि पुडीवर पेनानं दोन आडव्या रेघा मारल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. अख्खी स्ट्रिप कोण घेतं आपल्याकडं? लागतील तेवढ्याच घ्यायच्या, उरलेले पैसे भाजीला. पण कात्री जिथून फिरते तिथं औषधाचं नाव अर्धं होतं, आणि झोप येईल, गाडी चालवू नका असलं काही बारीक अक्षरांत छापलेलं असेल तर ते डब्यातच राहून जातं. माझ्या वाट्याला आलेल्या चंदेरी तुकड्यावर एका औषधाच्या नावाचं शेपूट तेवढं होतं. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं तेव्हा कळलं, की सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ताप-अंगदुखीचं औषध असतं, नाक मोकळं करणारं असतं आणि त्याच्या जोडीला शिंका थांबवणारं क्लोरफेनिरामिन नाहीतर सेटिरिझिन. त्यातलं क्लोरफेनिरामिन सरळ मेंदूत शिरतं, गुंगी आणतं आणि अंगातून जायला त्याला दिवसभरही लागतो. म्हणजे संध्याकाळची गोळी घेऊन सकाळी गाडीवर बसणारा माणूस मोकळा असतोच असं नाही.

आता दादांच्या गाडीबद्दल सांगायला पाहिजे. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. पण माहीत असणं आणि कळणं वेगळं. सुरुवातीला मला वाटायचं, वा, काय वेळेवर थांबते मी. बैल आडवा आला, थांबले. सायकलवरची पोरगी वळली, थांबले. एकदा पुलाच्या उतारावर गाडी थांबली तेव्हा सहज खाली लक्ष गेलं, तर माझा पाय अजून एक्सिलरेटरवरून उचलायचाच होता. ब्रेक दादांनी दाबला होता, तोही खिडकीबाहेर बघत, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून. त्या दिवशी मला माझा खरा वेग कळला, गाडीचा नव्हे, पायाचा.

नव्या चालकाची अडचण तिथंच आहे. त्याला धड असतानाचा आपलाच पाय ओळखीचा नसतो.

वीस वर्षं ट्रक हाकणाऱ्याला निदान एवढं समजतं, की आज हात जड आहे, आज अंदाज चुकतोय. (समजून तो थांबतो असं नाही, ते सोडा.) मला काय समजणार? रोजच चुकतोय की अंदाज. रोजच क्लच सोडताना गाडी उडी मारते. त्यात सर्दीच्या गोळीनं पाय अजून पाव सेकंद मागं पडला, तर तो नवखेपणा की गुंगी हे ठरवायचं कशावरून? "मला काही झालेलं नाही" हे वाक्य म्हणायला सुद्धा आधी थोडा सराव लागतो, आणि तोच नसतो.

लर्निंग लायसनच्या वेळी कागदांवर हे कुठं येतं का ते आठवून पाहिलं. परीक्षा मी गावातल्या सेतूमध्येच बसून दिली, ऑनलाइन. त्यात एक प्रश्न होता दारूचा. दारू पिऊन वाहन चालवणं कुठं मना आहे, याला तीन पर्याय: खाजगी वाहनात चालतं, रात्रीच्या वेळी चालतं, सगळ्या वाहनांना मना. आमच्याकडच्या लग्नांच्या वराती ज्यानं पाहिल्यात तो दुसऱ्या पर्यायापाशी क्षणभर थबकेल, पण उत्तर कुणाचं चुकत नाही. त्याआधी भरायचा असतो स्वतःच्या प्रकृतीचा जाहीरनामा. फिट येते का, एकदम शुद्ध हरपते का, कशामुळेही चक्कर येते का. पंचवीस मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का. लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का. प्रश्न चांगले आहेत. सेतूतल्या पोरानं स्क्रीनवरून मान न वळवता जिथं 'नाही' पाहिजे तिथं 'नाही', जिथं 'होय' पाहिजे तिथं 'होय' टिकटिक करून टाकलं आणि मग विचारलं, "चक्कर-बिक्कर नाही ना जी?" सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, असा प्रश्न मात्र त्या यादीत नव्हता. बीपीची, झोपेची, फिटची, शुगरची, कुठलीच नाही. शेवटी एक ओळ असते, गाडी चालवणं धोक्याचं होईल असा दुसरा काही आजार आहे का म्हणून. त्यात सगळं येतं, म्हणून कुणी काही सांगत नाही.

कायदा तसा मोघम नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणतं, शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. इंग्लंडात हीच हद्द ८० आहे, त्या मानानं आपला आकडा कडकच. त्याच कलमात अमली द्रव्याचंही आहे, पण त्याला आकडा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल, असं म्हटलंय. आणि १८६ मध्ये शरीरानं किंवा मनानं गाडी चालवायला धड नसणं, हाही गुन्हाच धरलाय. गोळीची गुंगी बसवायचीच तर या दोहोंत कुठं तरी बसेल. पण फुंकायला लावतात ते यंत्र दारू हुंगतं, गोळी नाही. आणि नव्या-जुन्यात फरक आपला कायदा करत नाही, लर्निंगवाल्यालाही तेच ३० आणि तीस वर्षं चालवणाऱ्यालाही तेच ३०. जर्मनीत २००७ पासून पहिल्या दोन वर्षांच्या परवान्यावाल्याला आणि एकविशीच्या आतल्या सगळ्यांना थेंबभरही चालत नाही. ऑस्ट्रेलियात एल पाटी लावलेल्या शिकाऊला शून्यच. तिथले लोक आपल्यापेक्षा शहाणे आहेत असं मला म्हणायचं नाही, पितात तेही भरपूर. पण थोड्याशा दारूनं जुन्यापेक्षा नवा जास्त घसरतो हे त्यांनी मोजलं आणि कागदावर आणलं.

आमच्या जिल्ह्याला दारूच्या नियमांची सवय आहे असं वाटेल कुणाला. वर्ध्यात बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, आमच्या चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदी असताना माणसं नदी ओलांडून, जिल्हा ओलांडून प्यायला जायची. बंदी उठल्यावर वैनगंगेच्या पलीकडची इकडं यायला लागली. दोन्ही वेळा जाणं-येणं मोटारसायकलवरच. घरच्या घरी ओसरीवर पिणारा निदान ओसरीवरच पडायचा. बंदीनं त्याला गाडीवर बसवलं. मी बंदीच्या विरोधात नाही. बंदी आली तेव्हा शेजारच्या बाईच्या चेहऱ्यावरचं मी पाहिलंय, ते विसरायचं नाही मला. पण रस्त्याचा हिशेब वेगळा निघाला हेही खरं. त्यात मोहफुलांची गावठी असली तर अंदाजच नाही. बाटलीवर टक्का छापलेला नसतो, पहिल्या धारेची किती कडक ते गाळणाऱ्याला माहीत. दोन पेग म्हणजे किती, हा हिशेबच तिथं लागू पडत नाही. आणि रात्रीची सकाळपर्यंत उतरते हा तर गावोगावचा पक्का समज. शरीर शंभर मिलिलिटर रक्तामागं तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या चालीनं दारू पचवतं. रात्री दहाला १५० वर असलेला माणूस सकाळी सहाला जेमतेम ३० वर येतो. आंघोळ केलेली असते, कपाळाला गंध असतो, लिंबूपाणी झालेलं असतं. यंत्राला गंध दिसत नाही.

माझे एक चुलतसासरे. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, माळकरी माणूस. बंदीच्याच काळात एकदा एकादशीला, शुगरची गोळी घेऊन आणि पोटात काही न घालता, नवी घेतलेली मोपेड चालवत निघाले. चौकात येईपर्यंत गाडी नागमोडी. घामानं सदरा ओला, बोलणं बरळल्यासारखं, उतरवायला गेलेल्या माणसावर हात उगारला. पानठेल्यावरची पोट्टी हसली, "मामाजी, कोठून आणली जी? आमाले बी सांगा ना!" त्यांना ओळखणारी एक अंगणवाडीताई तिथं होती म्हणून गुळाचा खडा तोंडात गेला, साखरपाणी पाजलं आणि थोड्या वेळानं ते भानावर आले. साखर एकदम उतरली की माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा दिसतो. त्या चौकात दारूच्या सगळ्या तऱ्हा पाहून बसलेली माणसं होती, त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. मामाजींनी ती मोपेड नंतर विकली. गोळीमुळं नाही, अब्रूमुळं.

आणि फवारणी? ती तर नशेत कुणी धरतच नाही. २०१७ साली यवतमाळकडं फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली तेव्हा वर्तमानपत्रांत आलं, मग पावसाबरोबर विसरलं. जी माणसं गेली नाहीत, नुसती गरगरून घरी आली, त्यांची बातमी होत नाही. दिवसभर पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, संध्याकाळी मळमळ, डोळ्यांपुढं अंधूक, आणि त्याच अवस्थेत मागं बायको, मध्ये पंप, टाकीवर पोरगं अशी गाडी गावाकडं निघते. काही कीटकनाशकांनी डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, म्हणजे तिन्हीसांजेच्या उजेडात त्याला रस्ता आपल्यापेक्षा कितीतरी काळोखा दिसत असणार. चालवणारा बहुतेक वेळा घरातला सगळ्यात तरणा पोरगा, नुकती गाडी हाती आलेला. कारण बापाला चालवता येत नाही.

लग्नसराईतलंही तसंच. ज्याच्याकडं नवंकोरं लायसन त्यालाच गाडी द्यायची, कारण तो 'अजून पीत नाही'. मग जेवणं लांबतात, नवरदेवाचा मामा गळ्यात हात घालतो, "एका घोटानं का होते बे, मर्द हायेस ना!" कलम १८८ नं असा आग्रह करणाऱ्यालाही तोच गुन्हा लागू होतो. नवरदेवाच्या मामाला अद्याप कुणी आत घातल्याचं ऐकिवात नाही. मला त्या पोराचं वाईट वाटतं. तीसच्या आत म्हणजे किती, हा हिशेब त्यानं त्या मांडवात, डीजेच्या आवाजात, सगळ्यांच्या नजरा अंगावर असताना करायचा. त्याच्यासाठी हद्द शून्य असती तर निदान सांगायला एक कारण झालं असतं, मामा, माझं लायसन नवीन आहे, चालत नाही. नियम पुष्कळदा लाजाळू माणसाच्या कामी येतो.

गोळीचं काय करायचं ते मी पुढं डॉक्टरांनाच विचारलं. चाळिशीवरच्यांना लायसनसाठी डॉक्टरचा दाखला लागतो, त्या निमित्तानं. त्यांनी तक्ता वाचायला लावला, रंग ओळखायला लावले, सही करायला पेन उचललं, तेवढ्यात मी म्हटलं, दर भादव्यात मला सर्दीची गोळी लागते, गाडीचं कसं करू? डॉक्टर थांबले. म्हणाले, हे कुणी विचारत नाही. मग कमी गुंगीचं औषध लिहून दिलं आणि वर म्हणाले, पहिल्यांदा घ्याल ती सुट्टीच्या दिवशी घ्या, तुम्हाला कसं होतं ते घरात बसून बघा, कारण तेच औषध एकाला टवटवीत ठेवतं आणि दुसऱ्याला पेंगवतं. फ्रान्समध्ये औषधाच्या खोक्यावरच मोटारीचं चित्र असतं, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगात; पिवळं म्हणजे जपून, नारिंगी म्हणजे डॉक्टरला विचारा, लाल म्हणजे चालवूच नका. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आमच्या मेडिकलमधली कात्री आठवली. खोकंच ज्याच्या हातात पडत नाही त्याला चित्राचा काय उपयोग? पुडीवर दोन रेघा मारतोच तो पोरगा, त्यांच्या शेजारी एक चाक काढून फुली मारायला किती वेळ लागेल? मी त्याला तसं सुचवलं. त्यानं "हो जी" म्हटलं. विदर्भातलं "हो जी" म्हणजे होकारच असतो असं नाही.

पक्क्या लायसनची चाचणी दिवाळीनंतर, तालुक्याच्या शिबिरात. मैदानात चुन्यानं आठचा आकडा आखलेला, बाजूला मोटारसायकलींची रांग. माझ्यापुढं एक पोरगा होता, वीस-एकवीसचा, डोळे लालभडक. मी मनात म्हटलं, झालं, सकाळीच लावून आला हा. जवळ जाऊन पाहिलं तर वास कसलाच नाही, फक्त केसांत धूळ आणि गालावर कसल्याशा रंगाचा पुसट डाग. रात्रभर नाटक होतं म्हणाला, वडश्याकडं. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम, रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटे पडतो, आणि मग गावोगावची माणसं धुक्यातून पेंगत गाड्यांवरून घरी निघतात. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात साधारण ५० मिलिग्रॅम दारू प्यायल्याइतका ढिला पडतो, असं १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासून दाखवलंय. या पोरानं दिवस-रात्र मिळून चोवीस तास तरी काढले असतील. फुंकायला लावलं असतं तर यंत्रानं शून्य दाखवलं असतं.

आठचा आकडा त्यानं पाय न टेकता काढला. सुरेख काढला, अगदी बघत राहावं असा. साहेबांनी पास केला. मित्रांनी ओरडा केला, कुणीतरी नखानं मागच्या प्लेटवरची लाल एल खरवडायला लागलं. मी त्याला म्हटलं, अरे, त्या कडुनिंबाखाली तासभर पडून घे, मग जा.

"नाही जमत जी, मॅडम. सांजचा प्रयोग आहे ना. लाइटीचं सामान टेम्पोत चढवाचं हाय, दोन वाजता निघते गाडी."

"टेम्पो कोण चालवतं?"

"सध्या मालक चालवते. आता लायसन भेटलं ना, पुढं मलेच देतो म्हणते."

माझं नाव पुकारलं गेलं, म्हणून मी गाडीकडं वळले.